लागण

मनालीनं कानांवरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आरोहीचा हात धरला आणि कुणाशी एक शब्द न बोलता ती खोलीबाहेर पडली. आरोहीच्या दुसऱ्या हातात खेळण्यातली प्लास्टिकची गाय तशीच राहिली. जिन्यावर मायलेकींच्या चपला वाजल्या, खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला. धर्मपाल होता तिथंच खुर्चीत बसून राहिला. आपली लेक आपल्याला न घेता, आपल्याकडं न बघता निघून गेली एवढं त्याला कळलं. का गेली ते कळेना. एप्रिलची दुपार होती, खिडकीतून ऊन नुसतं आत घुसत होतं.

समोर अंकिता बसली होती. ही मूळची अकलूजची, वाचा-उपचार शिकलेली, आणि आता लहानामोठ्यांच्या अडखळण्यावर संशोधन करणारी. ज्या घरातलं मूल बोलताना अडतं, ते मूल त्या घरातल्या प्रत्येक माणसाशी कसं बोलतं हे तिला ऐकायचं असे. पद्धत अगदी साधी. खोलीत सतरंजी टाकायची, खेळणी मांडायची, एक मूल नि एक मोठं माणूस आत बसवायचं, कोपऱ्यात आवाज टिपणारं बोटभर यंत्र ठेवायचं आणि आपण बाहेर जायचं. काय बोलायचं हे कुणी कुणाला सांगायचं नाही. नियम एकच: मूल शब्दावर अडलं तर तो शब्द दुसऱ्यानं पुरा करायचा नाही, थांबायचं. आरोही दिवाळीपासून अडायला लागली होती. सुट्टीसाठी मनाली तिला पुण्याहून माहेरी सोलापूरला घेऊन आली, शेजारच्या बिरुदेवनं अंकिताचं नाव सुचवलं, आणि तिघं इथं येऊ लागली. आरोहीचं आईबरोबरचं बोलणं टिपून झालं, फोनवर वडिलांबरोबरचं झालं, काल आजोबांबरोबरचं झालं. आज ते ऐकायचं होतं.

‘काका,’ अंकिता हलक्या आवाजात म्हणाली, ‘ह्यात तुमचा आवाजच नाही. मला आधी वाटलं, मशीन बिघडलं.’ तिनं हेडफोन त्याच्यापुढं सरकवला. त्यानं तो कानाला लावला. आरोही बोलत होती. ‘आबा, ही ग-ग-गाय काय खाते?’ मग काहीच नाही. प्लास्टिकवर प्लास्टिक आपटल्याचा आवाज. ‘आबा, सांग ना.’ काही नाही. ‘आ-आ-आबा, तू झ-झोपलास?’ पंख्याची घरघर. मग पोरीनंच गाईचा आवाज काढला, आपणच आपल्याला उत्तर दिलं, पुन्हा काहीतरी विचारलं, पुन्हा पंखा. धर्मपालला कालची वेळ वेगळीच आठवत होती. त्यानं गाईपुढं हिरव्या कागदाचा बोळा ठेवला होता, हे बघ हे खाते, म्हणून. मान हलवली होती, हसला होता, पोरीच्या केसांतून हात फिरवला होता. इतक्या मायेनं गेलेली ती वेळ होती! आणि या यंत्रात त्यातलं काहीच नव्हतं. मान हलवल्याचा आवाज होत नाही, हे एवढ्या वयात त्याच्या पहिल्यांदा ध्यानात आलं.

‘तिच्याशी का नाही बोलला?’ अंकितानं विचारलं. ती डोळे वटारून विचारत नव्हती, म्हणूनच उत्तर देणं भाग होतं. त्याला शब्द समोर दिसत होता. नेहमीच दिसतो, खड्डा दिसावा तसा लांबून दिसतो, आणि पाय तिकडंच जातात. ‘ति-ति-तिला ल-’ जीभ टाळूला चिकटली, मानेच्या शिरा ताठल्या, डोळे आपोआप मिटले. अंकिता थांबली. ‘ल-लागू नये म्हणून.’

‘लागतं व्हय हे?’ ती एकदम गावाकडच्या बोलीत बोलून गेली, मग सावरली. ‘खोकला आहे का हो काका तो? आमच्या अकलूजलाही म्हणतात तसं. नक्कल करू नको, लागंल. माझी आजीच म्हणायची. पण ऐकून, नक्कल करून कुणाला हे होत नाही. मुलं बोलायला लागतात त्या वयात आपसूक सुरू होतं, पुष्कळांचं जातं, काहींचं राहतं. घराण्यातून येऊ शकतं, रक्तातून. तोंडातून येत नाही.’ आणि मग, त्याला धीर द्यावा म्हणून, ती म्हणाली, ‘तुम्ही बोलला असता तरी जे व्हायचं तेच झालं असतं. मनाली ताईंशी तरी लहानपणी बोलत होता ना?’

त्यानं मान हलवली नाही. उठला आणि निघाला. खाली रिक्षावाल्यानं ‘कुठं, काका?’ विचारलं, त्याला हातानं नको म्हणून सांगून तो सात रस्ता चौकाच्या कडेकडेनं चालू लागला. डांबर चपलेला चिकटत होतं. रसवंतीची घुंगरं वाजत होती, बसचा वाहक गावांची नावं एका दमात ओरडत होता, मोबाइलच्या दुकानात कुणीतरी हसत होतं. सगळं गाव कसं बिनदिक्कत बोलत होतं. लागत नाही. मग कुंडलिकचं काय? कुंडलिक केमचा, त्याच्याच गावचा. धर्मपालच्या लहानपणी गावाबाहेरच्या विहिरीजवळ शेळ्या राखायचा. बोलताना असा अडायचा की त्याचं वाक्य संपेपर्यंत शेळ्या दुसऱ्याच्या रानात शिरलेल्या असत. पोरांना त्यात केवढी मौज! धर्मपाल त्याची नक्कल सगळ्यांत हुबेहूब करायचा. मान तशीच वाकडी, डोळे तसेच मिटलेले, आणि पोरं हसून लोळायची. कुंडलिकही हसायचा. मग एका सकाळी धर्मपालनं आईकडं भाकरी मागितली आणि ‘भ’ सुटेचना. आईला वाटलं पोरगं सोंग करतंय. तिनं पाठीत धपाटा घातला. दुपारपर्यंत ‘भ’ सुटला नाही तेव्हा ती चुलीपुढं बसून रडली. ‘घे आता, घेतलंस की त्येचं लावून!’ म्हणाली. ‘पुन्यांदा त्या कुंडल्याच्या वाऱ्याला उबा ऱ्हायलास तर तंगडं मोडंन.’ तो पुन्हा विहिरीकडं गेला नाही. कुंडलिक लांबून हात करायचा, हा दुसऱ्या वाटेनं जायचा. शाळेत शिकवलेलं सगळं माणूस विसरतो, पण असलं ज्ञान कुणी विसरत नाही. ते त्याच्या अंगावर घडलं होतं. त्याला कुणी येऊन पृथ्वी सपाट आहे म्हटलं असतं तर कदाचित पटलं असतं, पण हे लागत नाही, हे कसं पटावं?

पुढचं आयुष्य त्यानं अडणाऱ्या शब्दांना वळसा घालत काढलं. सोलापुरात शिकायला राहिला तेव्हा स्टेशनच्या खिडकीवर ‘केम’ तोंडातून निघेना, मागची रांग खेकसायला लागे, म्हणून तो पुढच्या जेऊरचं तिकीट काढायचा आणि अलीकडं केमला उतरायचा. हॉटेलात खायचं असे एक, म्हणता येई दुसरं, ते खाऊन उठायचा. नोकरीही बघून बघून अशी धरली की जिथं बोलावं लागणार नाही: रेल्वेच्या डाकेची छाननी. समोर लाकडी खणांचं कपाट, खणांवर गावांची नावं, करमाळा, माढा, अक्कलकोट, आणि हातात पत्रांचा गठ्ठा. ज्या नावांवर त्याची जीभ जन्मभर अडली ती नावं त्याच्या हातांना अशी सरावली की पत्र न बघता खणात पडे. तिथं तो सुखी होता, हे कबूल केलं पाहिजे. आणि बाकी जगाशी बोलायला मीनाबाई होती. त्याचं पहिलं अक्षर अडलं की ती उरलेलं वाक्य बोलून मोकळी व्हायची. कधी त्याच्या मनातलं बोलायची, कधी तिच्या मनातलं. तो दोन्हीला मान हलवायचा, आणि संसार ठीक चालला. तिला जाऊन दोन उन्हाळे झाले. तेव्हापासून तो दुकानात बोटानं वस्तू दाखवतो.

पार्क चौकात तो सावलीला थांबला. मनाली झाली तो दिवस आठवला. मीनाबाई दवाखान्यातल्या खाटेवर, आणि कापडात गुंडाळलेला तो लालबुंद जीव. त्याला मनात ठरवलेलं नाव सांगायचं होतं, तोंड पोरीच्या कानाजवळ नेलंही होतं, आणि तेवढ्यात विहिरीवरचा कुंडलिक आठवून तो झटक्यानं मागं सरला. त्या दिवशी त्यानं मीनाबाईला अडत अडत सांगितलं: मी हिच्याशी बोलणार नाही. हिचं बोलणं पक्कं होईपर्यंत तरी नाही. मीनाबाईनं विचार केला आणि म्हणाली, ‘व्हय, खरं हाय तुमचं. मी बोलीन की दोगांच्या वाटचं.’ तेव्हा दोघांनाही वाटलं, केवढी शहाणपणाची गोष्ट केली आपण. पोर रांगायला लागली, चालायला लागली, त्याच्या मांडीवर बसून बडबडायला लागली. तो तिला खांद्यावर घेई, तिच्या वेण्या घाली, तिची सायकल मागून धरून घामाघूम होई. तोंड बंद. शब्द ओठांपर्यंत येत आणि तो ते गिळत असे. अडलेला शब्द गिळणं त्याच्या सवयीचं होतं, पण हे शब्द अडलेले नव्हते. कित्येकदा अगदी सरळ, मऊ, बाहेर यायला तयार असत. तेच गिळताना जड जायचे. पुढं तिचं बोलणं पक्कं झालं, तरी भीती गेली नाही. मग तिला त्याच्या गप्प असण्याची सवय झाली आणि त्यालाही. मनाली आंबेडकर जयंतीला भाषण करायची. माइक हातात घेऊन, कागद न घेता, न अडखळता. लोक टाळ्या वाजवत आणि तो मंडपाच्या मागच्या बांबूला धरून उभा असे. त्याला वाटे, हे मी केलंय. हिच्या तोंडातला एकेक शब्द मी माझ्या तोंडाला कुलूप घालून वाचवलाय. असला अभिमान त्याला दुसऱ्या कशाचा कधी वाटला नाही.

आणि आज ही पोरगी म्हणते, बोलला असता तरी तेच झालं असतं. म्हणजे तो काहीच वाचवत नव्हता. पोर आपली आपणच सरळ बोलत होती, आणि बाप उगाच मुका. त्याला राग आला. अंकिताचा, आईचा, केमच्या त्या पोरांचा. पण राग धरायला कुणी हाताशी सापडेना, शेवटी तो आपल्याच छातीत येऊन बसला. आणि आरोही? तोंड इतकं घट्ट मिटून घेतलं, आणि ते अडणं रक्ताच्या वाटेनं खुशाल नातीपर्यंत जाऊन पोचलं. त्याला चालता चालता हुंदका आला. रस्त्यात रडणारा म्हातारा बघून एक बाई थांबली, ‘काय झालं हो बाबा?’ म्हणाली. त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि बुधवार पेठेची वाट धरली.

घराचं दार उघडं होतं. आरोही पुढच्या खोलीत फरशीवर पालथी पडून चित्र काढत होती. आतल्या खोलीत पलंगावर बॅग उघडी, आणि मनाली तिच्यात कपडे कोंबत होती. घड्या न घालता, मुठीनं. तिनं वर पाहिलं नाही.

‘संध्याकाळच्या गाडीनं जाते मी,’ ती म्हणाली. ‘आणि आरोहीला पुन्हा इथं ठेवणार नाही. सासरची माणसं म्हणत होती, आजोबाच्या नादानं बिघडलं पोरीचं बोलणं, तर मी त्यांच्याशी भांडले. तुमच्या बाजूनं भांडले, पप्पा. म्हटलं, ते तिच्याशी बोलतच नाहीत तर लागेल कसं? बोलतच नाहीत! हे मी तोंडानं म्हटलं, आणि तरी मला काही वाटलं नाही. आज ते ऐकलं तेव्हा वाटलं.’

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

‘त्या मशीनमध्ये आरोही नव्हती बोलत. मी बोलत होते. पप्पा, हे काय? पप्पा, सांगा की. पप्पा, झोपला का?’ तिचा आवाज चिरकला. ‘आईशी बोलायचात, बिरुदेवकाकांशी बोलता. अडत का होईना, बोलता. मी आत आले की गप्प. आणि विहारात? सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना तुमचा आवाज कसा खणखणीत यायचा. मी तुमच्या मांडीला मांडी लावून बसलेली असायचे. मला वाटायचं, ह्यांना चांगलं बोलता येतं की. फक्त माझ्याशी बोलायचं नाही ह्यांना. एकदा आईला विचारलं होतं, पप्पांना मुलगा पाहिजे होता का गं? तर आई म्हणाली, गप, पप्पा दमून आलेत.’

विहाराचं त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. चारचौघांच्या आवाजात आवाज मिसळला की जीभ मोकळी सुटायची. अडणाऱ्या साऱ्यांचंच तसं होतं, असं अंकितानंही सांगितलं होतं. आठवड्यातलं त्याचं तेवढंच सुख. तो डोळे मिटून, पोटातून म्हणायचा. शेजारी बसलेली पोर ते ऐकून काय हिशेब मांडत असेल, हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. मुलगा पाहिजे होता का! मीनाबाईनं हे त्याला कधी सांगितलं नाही. कदाचित तिलाही सांगवलं नसेल.

‘थ-थ-थांब,’ तो म्हणाला.

‘कशाला?’

तो बोलायला लागला आणि पहिल्याच शब्दावर अडला. जबडा धरला, छातीतली हवा वर येऊन गळ्याशी थटली. मनालीचे ओठ आपोआप हलले. ती मीनाबाईचीच लेक, वाक्य पुरं करून द्यायची सवय तिच्याही अंगात होती. पण कुठला शब्द द्यायचा तेच तिला ठाऊक नव्हतं. ती थांबली. हातातला आरोहीचा फ्रॉक तसाच हातात राहिला.

‘ल-लागू नये म्हणून,’ तो म्हणाला. ‘तुला.’

तिला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळत गेलं; ते कळताना तिचा चेहरा कसा बदलत गेला हे त्यानं पाहिलं, आणि खाली बघावंसं वाटत असूनही पाहत राहिला. त्याला वाटलं होतं, ती रडेल, जवळ येईल, जन्मभराचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. तिनं फ्रॉक बॅगेवर भिरकावला.

‘एवढंच? एवढं एक वाक्य होतं? हे तरी मला सांगायचं होतं की. कागदावर लिहून द्यायचं होतं.’ ती त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. ‘मी तोतरी झाले असते तरी चाललं असतं, पप्पा.’

तोतरेपण किती वाईट हे त्याला ठाऊक होतं, तिकीटखिडकीवरची ती लाज त्याच्या हाडात मुरलेली होती. पण बापाविना वाढणं त्याहून वाईट असेल, आणि तेही बाप रोज घरात असताना, हे वजन त्यानं कधी तराजूत टाकलंच नव्हतं. तो भिंतीला टेकून तिथंच खाली बसला.

आरोही दारात आली होती. तिनं आईकडं बघितलं, आजोबाकडं बघितलं. कुणाला काय झालंय हे मुलांना विचारता येत नाही तेव्हा ती दुसरंच काही विचारतात. ‘आबा,’ ती म्हणाली, ‘तू क-क-का बसलास खाली?’

त्यानं मनालीकडं पाहिलं. ती नको म्हणाली नाही, बोला म्हणाली नाही. त्यानं तोंड उघडलं, आणि साठी ओलांडलेल्या त्या माणसाला परीक्षेला बसलेल्या पोरासारखा घाम फुटला. ‘द-द-द…’ मान वाकडी झाली, डोळे मिटले. ‘द-दमलो, बाळा.’

डोळे उघडले तेव्हा आरोहीचं तोंड आश्चर्यानं उघडं पडलेलं होतं. ती त्याच्याजवळ सरकली. ‘आबा,’ ती कुजबुजली, कुणी ऐकू नये अशी, ‘तू प-पण?’

हलणार होती ती मान त्यानं आवरली. ‘ह-हो,’ तो म्हणाला. ‘मी पण.’

‘मला वाटलं, म-मी एकटीच.’ तिनं एक मोठा श्वास सोडला. वर्गातल्या मुलांसमोर, बाईंसमोर, सोसायटीतल्या पोरींसमोर या एवढ्याशा जिवानं हे एकटीनं वाहिलं होतं, आणि तिच्या जातीचा माणूस तिच्यासमोर सतरंजीवर मुका बसून होता. तिनं बोट स्वतःच्या गळ्याला लावलं. ‘माझं इथं अ-अडतं. तुझं कुठं?’ त्याला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं तिचा हात धरून आपल्या गळ्यावर, हाडाच्या जरा खाली ठेवला. ‘बोल,’ तिनं हुकूम सोडला. तो काहीतरी बोलला, अडला, आणि ती खुदकन हसली. ‘आई, ये ना! आबाच्या आत ध-धडधडतं. हात लावून बघ!’

मनाली जागची हलली नाही. मग बॅगेचं झाकण बाजूला सारून ती आली, आणि त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. पोरगी तिचा हात ओढत होती, तो तिनं ओढू दिला. लेकीची बोटं धर्मपालच्या गळ्याला लागली. गार होती. तिचा चेहरा निवळलेला नव्हता. गाडीला अजून अवकाश होता, आणि ती जाणार की राहणार हे तिनं सांगितलं नव्हतं. तिच्याशी काय बोलायचं? इतक्या वर्षांचं साठलेलं काय काय होतं, त्यातलं कुठलं आधी काढायचं? त्याला सुचेना. जे आधी काढायचं ते दवाखान्यातल्या त्या खाटेजवळच राहिलं होतं. त्यानं ओठ मिटले, आणि ‘म’वर अडला. नाकातून नुसता घुमारा येत राहिला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. बोटांखाली तो शब्द वर येतोय, खाली जातोय, पुन्हा वर येतोय हे मनालीला लागत होतं. तिनं तो पुरा केला नाही. हातही काढला नाही.

‘म… मना… मनाली.’

‘ओ,’ ती म्हणाली.